शिडाच्या नौकेसाठी सौरऊर्जेचा हिशेब कसा मांडावा

शिडाच्या नौकेवर सोलर पॅनेल बसवायचे ठरले की बहुतेक जण आधी जागा मोजतात, मावतील तेवढी पॅनेल घेऊन येतात आणि दुसऱ्याच रात्री ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारे यंत्र) मान टाकतो तेव्हा वीज गेली कुठे, याचा शोध सुरू करतात. हे काम उलट्या टोकाने करावे: आधी खर्चाची वही, मग बॅटरी आणि सर्वांत शेवटी पॅनेल. उदाहरणासाठी सुमारे १२ मीटर लांबीची, १२ व्होल्टची यंत्रणा असलेली, दोन माणसांची नौका घेऊ. डिसेंबरात ती मुंबईहून गोव्याला निघाली आहे आणि तिथे काही दिवस नांगरावर राहणार आहे.

वहीत दोन पाने करावीत, एक नांगरावरच्या दिवसाचे आणि दुसरे प्रवासातल्या दिवसाचे. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेते आणि चोवीस तासांत किती तास चालते, यांचा गुणाकार म्हणजे त्याचा अँपिअर-अवरमधला खर्च. कोकणच्या हवेत फ्रिजचा कॉम्प्रेसर साडेचार अँपिअर घेत दिवसाकाठी अकरा तास तरी चालतो. म्हणजे एकटा फ्रिजच ५० खातो. नांगरावर त्यात आतले दिवे ४, नांगरदिवा २, दोन पंखे ७, फोन व लॅपटॉप १२, व्हीएचएफ रेडिओ ५ आणि पाण्याचा पंप २ मिळवले की बेरीज ८२ होते. प्रवासाच्या पानावर पंखे आणि लॅपटॉप जवळपास गळतात, पण ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअरने दिवसरात्र चालून ७२ घेतो. चार्टप्लॉटरचे (नकाशावर नौकेची जागा दाखवणाऱ्या पडद्याचे) २४, व्हीएचएफचे ८, एआयएसचे (आसपासची जहाजे दाखवणाऱ्या यंत्रणेचे) ६, नौकेच्या मार्गदिव्यांचे ५, फोनचे १० आणि पंपाचे २ धरले, तर फ्रिजसह आकडा १७७ वर जातो. एकच पान केले असते तर हा दुपटीहून अधिक फरक दिसलाच नसता.

आता बॅटरी. दोन दिवस आभाळ भरून राहिले तरी नांगरावर निभावले पाहिजे, म्हणजे १६४ अँपिअर-अवर हाताशी हवेत. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली नेली की तिचे आयुष्य घटते, म्हणून ती सुमारे ३३० ची घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरता येते, त्यामुळे सुमारे २०५ ची पुरते. मात्र लिथियम बॅटरी अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, थेट जोडू नये. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, म्हणून मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा.

आडव्या बसवलेल्या १०० वॅटच्या पॅनेलकडून आपल्या अक्षांशांत हिवाळ्यात दिवसाला ३० अँपिअर-अवर धरावेत. विक्रेता याहून मोठा आकडा सांगेल, पण तो सावली धरत नाही. ४०० वॅटचे १२० झाले. नांगरावर ते भागून उरतात, प्रवासात मात्र ५७ कमी पडतात. ही तूट भरण्यासाठी आणखी पॅनेल शोधण्यापेक्षा ऑटोपायलटचे ७२ वाचवणे मला शहाणपणाचे वाटते. वाऱ्यावर चालणारे विंडव्हेन सुकाणू वीज अजिबात घेत नाही. ते नसेल तर बंदरात शिरताना आणि निघताना इंजिन लागतेच. ४० अँपिअर देणारा अल्टरनेटर दीड तासात ६० भरून काढतो. लांबच्या सागरी शर्यतींत पाण्याच्या प्रवाहावर फिरणारे हायड्रोजनरेटर वापरतात. २०१६-१७ च्या वाँदे ग्लोब शर्यतीत कॉनराड कोलमन यांनी सूर्य आणि पाणी यांच्याच जोरावर, जीवाश्म इंधन न वापरता जगाची फेरी पूर्ण केली, तीही शेवटचा टप्पा डोलकाठी मोडल्यावर जुगाडू शिडावर. पण तशी नौका पाण्यातून धावते त्या वेगाची अपेक्षा आपल्या नौकेकडून करू नये.

पॅनेलची जागा ठरवताना सावलीचा विचार सर्वांत आधी करावा. बहुतेक नौकांवर ती पिछाडीच्या कमानीवर बसतात. डिसेंबरात मुंबईच्या आकाशात दुपारी सूर्य दक्षिणेला असतो आणि क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो. गोव्याकडे जाणाऱ्या नौकेचे तोंडही दक्षिणेकडेच, त्यामुळे ऐन दुपारी शिडांची आणि डोलकाठीची सावली नेमकी पिछाडीवर पडते. परतीच्या वाटेवर तीच पॅनेल उन्हात न्हातात. पॅनेलवर अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोराची सावली धरून अँपिअर मीटरकडे पाहावे: एखाद-दुसरा सेल झाकला तरी काटा कसा कोसळतो ते कळते. म्हणूनच दोन पॅनेल एकामागे एक जोडून एकाच कंट्रोलरला (पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणाऱ्या यंत्राला) देण्यापेक्षा, २०० वॅटच्या प्रत्येक पॅनेलला स्वतःचा २० अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढणारा, कंट्रोलर द्यावा. एक सावलीत गेले तर दुसऱ्याचे नुकसान होत नाही.

जोडणीत कंजुषी करू नये. कमानीपासून कंट्रोलरपर्यंत ८ मीटर अंतर असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेपाच टक्क्यांहून अधिक व्होल्टेज वाया जाते, ६ च्या तारेत सव्वादोन टक्के. तार कथिल चढवलेल्या तांब्याची घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते. कंट्रोलरकडून बॅटरीकडे येणाऱ्या तारेवर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये तार घासली गेली तर आग विझवणारे कोणी जवळ नसते.

निघण्यापूर्वी दोन रात्री नांगरावर इंजिन बंद ठेवून राहावे आणि दोन्ही पहाटे सूर्य उगवण्याआधी बॅटरीची टक्केवारी वहीत लिहावी. दुसऱ्या पहाटेचा आकडा पहिल्यापेक्षा खाली असेल, तर नवे पॅनेल मागवण्याआधी फ्रिजच्या झाकणाचे रबर बोटाने चाचपून पाहावे.