पावसात जोडा, दिवाळीनंतर रंगवा : मोठ्या मापाचं मॉडेल विमान कसं बांधावं

किटबरोबर, म्हणजे सुट्या प्लास्टिक भागांच्या डब्याबरोबर, येणाऱ्या पुस्तिकेत पहिल्या पायरीपासून शेवटच्या चाकापर्यंत सगळं दाखवलेलं असतं, फक्त हवेचं काही लिहिलेलं नसतं. बेळगावात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, पापड मऊ पडतात आणि स्प्रेने मारलेला रंग पांढुरका होतो. म्हणून माझं वेळापत्रक ठरलेलं आहे. मृगाला डबा उघडायचा, गणपतीपर्यंत कॉकपिट संपवायचं, दसऱ्यापर्यंत सगळे सांधे, आणि स्प्रेच्या रंगाची बाटली दिवाळी झाल्यावरच उघडायची. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, तिथल्यांना एवढं थांबायची गरज नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर मात्र दिवाळीनंतरही आठवडाभर वाट पाहा.

मापाचं गणित

मॉडेल विमानांत १/७२ आणि १/४८, म्हणजे खऱ्याच्या बहात्तरावा किंवा अठ्ठेचाळिसावा भाग, ही नेहमीची मापं. मोठं माप म्हणजे १/३२ आणि १/२४. मिग-२१ हे लढाऊ विमान घेतलं तर पुढच्या पिटो नळीसकट (वेग मोजायची नाकापुढची बारीक नळी) ते १/७२ मध्ये सुमारे २२ सेंटिमीटर लांब होतं, १/३२ मध्ये ४९. स्पिटफायर १/२४ मध्ये बांधलं तर पंखांचा विस्तारच ४७ सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे घरातलं अर्धं टेबल गेलं.

१/३२ मध्ये काम करताना एक आकडा डोक्यात पक्का ठेवा: मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ३२. पत्र्यांच्या जोडाची रेघ तुम्ही ०.३ मिलिमीटर रुंद कोरलीत, तर खऱ्या विमानावर ती जवळपास एक सेंटिमीटरची फट झाली. त्यात बोटाचं टोक जाईल. असं विमान कोणता पायलट उडवेल? रंगाचे जाड थर, ओघळलेला गोंद, जाडजूड पट्टे या सगळ्यांना हाच हिशेब लावायचा.

पहिलंच मोठं किट असेल तर इंजिन उघडं दाखवणारं १/२४ घेऊ नका. मी इथे उदाहरणाला ट्रम्पेटरचं १/३२ मिग-२१ एमएफ धरतो. नाशिकजवळ ओझरला एचएएलने (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बांधलेलं मिग-२१ एम दिसायला याच्या अगदी जवळचं. १९६३ पासून आपल्या हवाई दलात असलेला हा मिग २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निवृत्त झाला, त्यामुळे त्याचे फोटो मिळायला अडचण नाही.

फोटोंबरोबर खरं विमानही एकदा जवळून पाहा. बेळगावकरांना सगळ्यात सोपं म्हणजे चोर्ला घाट उतरून गोव्यात बोगमाळोला जाणं. तिथल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक, सी हॅरियर उघड्यावर उभी आहेत. मिग नसला तरी चाकांच्या खाचेत नळ्या कशा धावतात, टायर जमिनीवर कसा दबतो, तेलाचा डाग कुठल्या दिशेने ओघळतो, हे कुठल्याही विमानावर शिकता येतं. बेंगळुरूचं एचएएलचं संग्रहालय हा दुसरा पर्याय, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी तिथे. एक सावधगिरी: उघड्यावर ठेवलेल्या निवृत्त विमानांना नंतर कितीदा रंग मारलेला असतो याचा भरवसा नाही. त्यांच्याकडून आकार घ्या, रंग घेऊ नका.

कापणं आणि धुणं

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा फ्रेमवर, म्हणजे भाग जिला जोडलेले येतात त्या चौकटीवर, राहिलेला असू शकतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून फ्रेम धुवा आणि सावलीत वाळवा. भाग हाताने मोडून काढायचा नाही. निपरने भागापासून दोन मिलिमीटर सोडून कापा, उरलेला खुंट ब्लेडने तासा, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटा मिळतो, छंदाच्या नावाने महाग पाकीट घ्यायची गरज नाही. सुटे भाग मी कुंद्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवतो, झाकणावर पायरीचा नंबर लिहून.

कॉकपिट

पावसाळ्याचे पहिले दोन महिने इथेच जाऊ द्या. इथला रंग ब्रशने होतो, स्प्रे लागत नाही, आणि मिगचं कॉकपिट रंगवायला मजा येते. आतला रंग निळसर-हिरवा, मोरपिसाच्या जवळ जाणारा. एवढं शांत रंगाचं कॉकपिट लढाऊ विमानात पाहून पहिल्यांदा मला किटच चुकलंय असं वाटलं होतं. समोरच्या पॅनेलच्या मधोमध उभी पांढरी रेघ असते. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं की पायलटने दांडा नेमका मध्ये आणायचा, त्यासाठीची ती खूण. बारीक ब्रशने ही एक रेघ सरळ आली की पॅनेलमध्ये जीव येतो. घड्याळांच्या तबकड्यांवर शेवटी पारदर्शक वॉर्निशचा एकेक थेंब टाका, काच बसवल्यासारखी दिसते.

सीटचे पट्टे किटमध्ये प्लास्टिकचेच ओतलेले असतील तर तासून टाका. खरा पट्टा साधारण ४५ ते ५० मिलिमीटर रुंद, म्हणजे इथे दीड मिलिमीटर. गोळ्यांच्या पाकिटामागची फॉइल सपाट करून तेवढ्या पट्ट्या कापा. कापडासारख्या त्या सीटवर पडतात, दुमडतात आणि दुमडलेल्याच राहतात. चाकांच्या खाचेतल्या नळ्यांसाठी तांब्याची तार लागते. ती वडगाव-शहापूरकडे मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे मिळते. मागांच्या जळालेल्या मोटारी उघडल्या की ०.२, ०.३ मिलिमीटरच्या तारांचे तुकडे त्यांच्या पायाशी पडलेले असतात. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कितीची मोटार आहे?" मी म्हटलं, "विमान आहे." त्याने मूठभर तार फुकट दिली, बहुतेक मला लवकर घालवायला.

तार आणि फोटो-एचचे (रसायनाने कोरलेले) पातळ पितळी भाग फेविक्विकने चिकटवा. कॅनोपीजवळ, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेजवळ, मात्र फेविक्विक नेऊ नका, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर धुकं धरतं. काचेला फेविकॉल चालतो, वाळला की दिसतही नाही.

नाकात वजन, मग धडाचे अर्धे भाग

मिगला नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन. सगळं जोडून झालं आणि नाकात वजन नसेल तर विमान शेपटीवर बसतं. माझं पहिलं बसलं होतं. तेव्हा धड बंद झालेलं होतं आणि आत शिरायला वाटच उरली नव्हती. म्हणून धड बंद करण्याआधी अर्धे भाग, पंख, शेपूट सगळं मास्किंग टेपने तात्पुरतं बांधा. मुख्य चाकं येतात त्या रेषेखाली एक पेन्सिल आडवी ठेवून तोलून बघा. नाक खाली जाईपर्यंत पुढे वजन टाकत राहा, मग आणखी थोडं टाका, कारण रंग आणि शेपटीकडचे बारीक भाग अजून यायचेत. हवा आत घेणाऱ्या तोंडातला शंकू पोकळ असतो, वजनाला ती सगळ्यात पुढची जागा. गळाला लावतात ती शिशाची वजनं चालतात, पण ती अरलडाइटमध्ये बसवा. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात शिसं काही वर्षांनी गंजतं, फुगतं आणि मॉडेल आतून फोडतं.

मॉडेलचं पातळ सिमेंट गोंदासारखं वागत नाही. ते प्लास्टिक विरघळवतं आणि दोन भाग एकजीव होतात. त्यामुळे भागांना आधी चोपडायचं नाही. दोन्ही अर्धे कोरडे जुळवून कपड्यांच्या चिमट्यांनी धरा, ब्रशचं टोक फटीला टेकवा, द्रव स्वतःहून फटीतून पळत जातो. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर एवढंच. मग हलकेच दाबा म्हणजे मऊ झालेलं प्लास्टिक केसाएवढं वर येतं. ते हवंच आहे, सांधा भरल्याची ती खूण. बोट मात्र फटीवर नको, ठसा कायमचा उमटतो. खिडकी उघडी ठेवा. आमच्याकडे आईने या वासावरून मला टेबलासकट गॅलरीत पाठवलंय, आणि ते बरोबरच केलं.

दोन दिवस हात लावू नका. मग ४००, ६००, १००० अशा क्रमाने ओला वॉटर पेपर, छोट्या सपाट लाकडी पट्टीला गुंडाळून. नुसत्या बोटाने घासलं की गोल धडावर सपाट चट्टा पडतो. खड्डे राहिलेच तर गाड्यांची एनसी पुट्टी चालते, पण ती वाळताना आकसते, म्हणून दोन पातळ हात द्या. बारीक फटीला मी फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरतो. ते तासाभरात घासून घ्यायचं, रात्रभर ठेवलंत तर दगड होतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं.

घासताना बुजलेल्या रेघा पुन्हा कोराव्या लागतात. जाड चिकटपट्टीची कड धरून सुईने, अजिबात जोर न लावता, आठ-दहा वेळा फिरवा. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच झालं नाही असं वाटेल. तिथेच लोक जोर लावतात आणि सुई घसरते. हे काम कंटाळवाणं आहे. बाहेर पाऊस कोसळत असेल तर बरं होतं.

रंग

दसऱ्याच्या सुमाराला राखाडी प्रायमरचा एक हात सांध्यांवर ब्रशने फिरवा. प्लास्टिकवर न दिसलेली फट प्रायमरवर दिसते. पुन्हा भरा, पुन्हा घासा. दिवाळीनंतर एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं यंत्र, काढा.

ओल्या हवेत लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पातळ केलेला झटपट वाळणारा रंग, पांढरा का पडतो? थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेतलं बाष्प त्या थंड थरावर बसतं आणि रंगात अडकतं. हवेतली ओल घरी सहज कमी करता येत नाही, तारीख बदलता येते.

दुसरं पाणी कॉम्प्रेसरमधून येतं. मी एअरब्रश शिकलो तो ओळखीच्या एका मूर्तिकारमामांच्या मंडपात. गणपतीच्या सोंडेवर, गालावर सावली मारायला त्यांच्याकडे हेच यंत्र असतं. माझ्या पंखावर मध्येच थेंब उडायला लागले तेव्हा मामांनी विचारलं, "टाकीतलं पाणी कधी काढलंस?"

"काढायचं असतं?"

ते खाली वाकले आणि टाकीच्या बुडातला कॉक फिरवला. हवेबरोबर तांबूस पाणी फरशीवर उडालं. "हे मारत होतास विमानावर," ते म्हणाले आणि पुन्हा मोदकाकडे वळले.

तेव्हापासून सुरुवातीला कॉक आणि मध्येही एकदा कॉक. ०.३ मिलिमीटरची नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ. कपाच्या कडेला लावला की दुधासारखाच पातळ पडदा ठेवून खाली उतरायला हवा. पहिला हात जवळजवळ कोरडा, धुक्यासारखा. झाकायची घाई नको, तीन-चार हातांत झाकतो. एनसी थिनर वापरत असाल तर ओला हात मारूच नका, तो उघड्या प्लास्टिकला खातो. साखर कारखान्याच्या आसपास राहत असाल तर गाळपाच्या दिवसांत काजळीचे कण पडतात, तेव्हा रंगवलेला भाग लगेच मोठ्या डब्याखाली झाका.

धातूचा नागडा पत्रा दाखवायचा असेल तर आधी चकचकीत काळा, मग चंदेरी अगदी पातळ. राखाडी छटांचा मिग करणार असाल तर एकाच विमानाचा, एकाच नंबरचा फोटो समोर ठेवा. दोन फोटोंतून बनवलेलं विमान प्रत्यक्षात नसतं. चाकांच्या मधल्या तबकड्या भडक हिरव्या करायला विसरू नका.

डेकल आणि मळ

खरखरीत रंगावर डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं खुणांचं पातळ चित्र, लावलं की खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निश, मग डेकल. पाण्यात अर्धा मिनिट, कागदावरून सरकवून जागेवर, ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी काढा. आपल्या हवाई दलाच्या चक्रात केशरी बाहेर, पांढरा मध्ये, हिरवा आत. सुटे गोल एकावर एक लावायचे असतील तर क्रम नीट पाहा.

मळ कमी ठेवा. गडद तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून रेघांत सोडा, अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने हवेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसा. रेघा काळ्या करू नका, विमान चौकटीच्या वहीसारखं दिसतं. शेवटी सगळ्यावर निस्तेज वॉर्निश.

चाकं, दारं, अँटेना हे सगळ्यात शेवटी. नाकावरून पुढे निघणारी पिटो नळी तर शोकेसची काच लावायच्या दिवशीच बसवा. प्लास्टिकची माझ्याकडे तीनदा मोडली, तिन्ही वेळा धूळ पुसण्याच्या फडक्याने. आता मी तिथे मेडिकलमधून आणलेली इंजेक्शनची सुई लावतो, टोक घासून बोथट करून. बारीक ड्रिलने आधी सेंटिमीटरभर भोक पाडा, सुई अरलडाइटमध्ये बसवा आणि रात्रभर नाक वर करून ठेवा.