साडेसातच्या ताटाची तयारी

आमच्याकडे रात्रीच्या जेवणाची रडारड सुरू व्हायची ती सहा वाजता हातात दिलेल्या बिस्किटांपासून. हे लक्षात यायला मला फार उशीर लागला. त्यामुळे तयारीत पहिला नंबर संध्याकाळच्या खाऊचा. मुलं खेळून आली की समोर काकडीचे लांब काप, केळं किंवा राजगिऱ्याची वडी दिसली पाहिजे आणि बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला पाहिजे. दूधही सकाळीच. संध्याकाळी सातला पेलाभर दूध पोटात गेलं की चार वर्षांच्या मुलाला भूक उरत नाही, मग आपण उगाच भाजीला दोष देतो. ताट साडेसातला वाढायचं. नऊला वाढलं तर झोप आणि भूक यांच्या ओढाताणीत कुठलाच पदार्थ आवडत नाही.

रविवारी तासभर काढा. मूग किंवा मटकी शनिवारी रात्रीच भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक रात्र लागते. मोड आलेलं कडधान्य फ्रीजमध्ये तीन दिवस छान राहतं. पालेभाजी निवडून कोरडीच कापडात गुंडाळून ठेवा, धुवायची ती करतानाच. शेंगदाणे भाजून कूट करून ठेवा. लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, कुटाची ती भीती नाही, शिवाय कोशिंबिरीला चव येते. थालीपिठाची भाजणी घरात असलीच पाहिजे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे वेगवेगळे खमंग भाजून दळून आणले की महिनाभर काळजी नाही. भाजणीत कोबी किंवा दुधी किसून घाला, थापून मध्ये भोक पाडा, त्यात तेल सोडा आणि झाकण ठेवा. दुधीला पाणी सुटतं, म्हणून वरून पाणी घालताना हात आखडता.

रोज सकाळी डब्याचा स्वयंपाक करताना एकच जास्तीचं काम करा: तूरडाळ कुकरला लावताना दुप्पट लावा. अर्धं वरण हळद-हिंग घालून घोटून फ्रीजमध्ये ठेवलं की संध्याकाळचं निम्मं काम झालं. यातून माझ्या घरात सगळ्यात हमखास संपणारा पदार्थ होतो, वरणफळं. कुठे याला चकोल्या म्हणतात. कणकेत हळद, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून पोळीपेक्षा घट्ट मळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तोवर मोहरी, जिरं, लसूण, कढीपत्त्याच्या फोडणीवर टोमॅटो आणि बारीक चिरलेला पालक परता, वरण ओता, पाणी जरा सढळ घाला, कारण फळं ते पिऊन टाकतात. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची. हे कापणं मी मुलांवर सोडते. धाकटा छोट्या वाटीने गोल पाडतो, मोठी कातणाने नागमोडी कड काढते आणि ताटात आलं की दोघं स्वतःचं फळ शोधत पालकासकट वाटी संपवतात. आमटीला खळखळून उकळी आल्यावरच एकेक फळ सोडा, एकदम टाकली तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटं मंद आचेवर शिजू द्या, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. धान्यात लायसिन हा प्रथिनांमधला एक घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर, म्हणून कणीक आणि डाळ एकत्र आली की प्रथिनांची जोडी नीट जमते. लिंबामुळे पालक-डाळीतलं लोह शरीराला जास्त मिळतं.

तिखटाचं आधीच ठरवून ठेवा. फोडणीत मिरची नको. मुलांचं वाढून काढलं की मोठ्यांसाठी ठेचा किंवा कारळ्याची चटणी ताटात घ्या. एकाच पातेल्यातून सगळे जेवले पाहिजेत. मुलांसाठी वेगळं नूडल्स करायची सवय लागली की ती मोडायला महिने जातात.

भाजी लपवून भरवायचं मी सोडून दिलं आहे. एकदा पराठ्यात हिरवं सापडलं आणि लेकाने पराठाच बंद केला. आता नवी भाजी ताटात चमचाभर, उघडी, त्याच्या आवडत्या मऊ खिचडीच्या किंवा दहीभाताच्या शेजारी. न खाल्ली तर काही बोलायचं नाही, चार दिवसांनी पुन्हा वाढायची. काही मुलांना एखादी चव पटायला दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते. गवारीशी आमची अजून ओळख चालू आहे, पण परवा त्याने एक शेंग उचलून वास घेतला आणि परत ठेवली. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. भाजी संपव मग चॉकलेट देते, हे मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. त्याने चॉकलेट मोठं होतं आणि भाजी शिक्षा होते.

अगदीच उशीर झालेल्या दिवसासाठी घरात रवा, दही आणि मूगडाळ असू द्या. मूगडाळीचं धिरडं करायचं तर डाळ सकाळी निघताना भिजवा. विसरलात तर रवा दह्यात कालवून वीस मिनिटं ठेवा, गाजर किसून घाला आणि तव्यावर छोटी छोटी घाला. झोपण्याआधी ओट्यावर उद्याच्या डाळीचं पातेलं काढून ठेवते, म्हणजे सकाळच्या घाईत दुप्पट लावायची आठवण राहते.