गरम पाण्याची सोय बदलायची असेल तर दसऱ्याआधीची तयारी

आमच्या गच्चीवर पाणी तापवणारं पहिलं सोलर बसलं, त्याच्या पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. गच्चीवरची टाकी चार दिवस कोरडी होती. भर दुपारी एक वाजता टँकर आला, सगळ्यांना हायसं वाटलं आणि लगेच मोटार लावली. थोड्याच वेळात वरून काच तडकल्याचे आवाज यायला लागले. सोलरच्या ज्या काचेच्या नळ्यांत पाणी तापतं, त्यांतल्या एकामागून एक सहा गेल्या. झालं होतं असं की गच्चीवरची टाकी संपल्यावर सोलरच्या टाकीतलं पाणी उलटं फिरून खालच्या गार पाण्याच्या नळांतून निघून गेलं. नळ्यांत जे उरलं ते मेच्या उन्हाने आटलं. रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांच्या आसपास तापते; तिच्यात एकदम गार पाणी शिरलं की काच टिकत नाही. टाकी संपल्यावर पहिले दोन दिवस गार पाण्याच्या नळाला कोमट पाणी येत होतं, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. बसवणाऱ्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

म्हणून मराठवाड्यात गरम पाण्याची सोय बदलताना तयारी उन्हापासून किंवा वीजबिलापासून सुरू करू नका. पाण्यापासून करा. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

पोळा झाला की एक वही काढा आणि आठवडाभर घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागतं ते लिहा. अंघोळी, लहान लेकराचं वेगळं पाणी, म्हाताऱ्या माणसाचं पाय शेकण्याचं, तेलकट भांड्यांचं, सगळं धरा. थंडीच्या दिवसांत टाकीतलं पाणी सकाळी १८ अंशांच्या आसपास असतं. अंगाला सोसेल असं ४० अंशांचं वीस लिटर पाणी करायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे अडीच युनिट, वाया जाणारी उष्णता धरून तीन. महिन्याला ८० ते ९० युनिट नुसत्या अंघोळीचे. बिलाचा दर १०० युनिटला आणि पुढे ३०० युनिटला टप्प्याने चढतो, त्यामुळे हे ९० युनिट तुमचं बिल वरच्या टप्प्यात ढकलतात का, हे मागच्या डिसेंबर-जानेवारीच्या बिलावर बघून घ्या. याच वहीतून सोलरची क्षमताही ठरते. साठ अंशांचं पाणी असेल तर एका बादलीत ते निम्मंच लागतं, बाकीचं विसण. म्हणजे बादलीने अंघोळ करणाऱ्या पाच जणांच्या घराला १०० लिटरचं सोलर पुरतं. शॉवर असेल तर हा हिशेब मोडतो, मग १५० किंवा २०० लिटरचा विचार करा. दुकानदार बहुतेक वेळा माणसं मोजतो. तुम्ही बादल्या मोजा.

आता पाणी येतं कसं ते बघा. नळ किती दिवसांआड येतो, उन्हाळ्यात हे अंतर किती वाढतं, टँकरचं पाणी कुठल्या टाकीत उतरतं, मोटार कोण आणि कधी लावतं. साध्या सोलरला पाणी उंचावरच्या टाकीतून आपोआप उतरावं लागतं, म्हणून गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर हवा. तुमची टाकी गच्चीच्या फरशीवरच ठेवलेली असेल तर आधी तिच्यासाठी स्टँड किंवा विटांचा कट्टा करून घ्यावा लागेल. हा खर्च दुकानदाराच्या कोटेशनमध्ये नसतो.

आमच्या अनुभवातून सांगण्यासारखी दोन कामं इथे आहेत, आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक, सोलरला जाणाऱ्या गार पाण्याच्या लाइनवर एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. म्हणजे पाणी उलटं फिरणार नाही. दोन, टाकीला दोन वेगळे आउटलेट ठेवा. सोलरचं तळापासून चार बोटं वर आणि घराच्या नळांचं त्याच्याही वीतभर वर. घराचे नळ बंद पडले तरी त्या वीतभर पाण्यावर सोलर भरलेलं राहतं. दुसऱ्या वेळी नळ्या बदलल्या तेव्हा आम्ही हे केलं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांत एकही नळी गेली नाही. शिवाय घरातल्या प्रत्येकाला, भाडेकरूलासुद्धा, एक गोष्ट पाठ करून ठेवा: सोलर रिकामं पडलं असेल तर पाणी पहाटे किंवा रात्री सोडायचं, उन्हात कधीच नाही.

पाण्याचा जडपणा तपासणं हे पुढचं काम. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, ही लक्षणं आपल्या बोअरच्या पाण्याची ओळखीची आहेत. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडून धातूला चिकटतो आणि ६० अंशांच्या पुढे हे फार वेगाने होतं. गिझरच्या कॉइलवर तो थर चढला की तिची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉइल जास्त तापते आणि शेवटी जळते. टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका, तो सगळेच क्षार एकत्र मोजतो. जडपणा वेगळा तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे बाटली भरून देता येते. पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. तुमचा आकडा ६०० च्या वर निघाला तर तांब्याच्या बारीक नळ्यांचं सपाट पॅनेल असलेलं सोलर सरळ जोडून घेऊ नका, दोन-तीन वर्षांत चोंदेल. काचेच्या नळ्या रुंद असतात, काढून धुता येतात, म्हणून आपल्याकडे त्याच जास्त चालतात. घरात नळाचं धरणाचं पाणी आणि बोअर असं दोन्ही असेल, लातुरात मांजराचं आणि संभाजीनगरात जायकवाडीचं, तर सोलरसाठी दोनशे लिटरची छोटी टाकी वेगळी ठेवून तिच्यात फक्त नळाचं पाणी सोडा. पाणी मऊ करायचं यंत्र मी सुचवणार नाही. ते धुवून काढायलाच पाणी लागतं, आणि ते आपल्याकडे कुठून आणायचं?

मग गच्ची. दोनशे लिटरचं सोलर भरल्यावर स्टँडसकट अडीचशे ते तीनशे किलो होतं, शेजारी हजार लिटरची टाकी असली तर तिचं टनभर वजन वेगळं. स्लॅब असेल तर पाय बीमवर किंवा भिंतीच्या रेषेवर येतील असे ठेवा. घर माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं छत असलेलं, असेल तर वर काहीही ठेवू नका, छोटं सोलरसुद्धा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांनीच झोपलेली माणसं गाडली. औसा, उमरगा, निलंगा भागातल्या लोकांना हे सांगायची गरज पडू नये, पण जुन्या वाड्यांच्या माळवदांवर सिंटेक्सच्या टाक्या चढलेल्या मला आजही दिसतात आणि जीव खाली-वर होतो. अशा घराला अंगणात जमिनीपासून उभारलेला लोखंडी मनोरा करावा, त्याचा पाया वेगळा भरावा. पत्र्याच्या घरालाही तेच.

सोलरचं तोंड दक्षिणेकडे. आपण साधारण १८ ते २० अक्षांशांच्या मध्ये आहोत, आणि गरम पाणी लागतं थंडीत, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. म्हणून उतार ३० अंशांच्या आसपास चांगला. डिसेंबरात लातूरला भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर येत नाही, म्हणजे तीन फुटांच्या कठड्याची सावली दुपारीसुद्धा पावणेतीन फूट पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती किती लांबते ते गच्चीवर उभं राहून बघा. शेजारचा लिंब, पाण्याची टाकी, वाढीव मजला, सगळं धरा. शक्य असेल तर आदल्या थंडीतच खडूने खूण करून ठेवा.

पाइपाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही, मऊ पडून वाकतो. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी किंवा कंपोझिट पाइप घ्या आणि त्यावर जाड फोमचं आवरण, वर उन्हाने फाटणार नाही अशी पट्टी. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीपासून न्हाणीपर्यंत पंधरा मीटर अंतर असेल तर रोज पहिलं साडेचार लिटर पाणी गारच येतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांच्या हाताने हे पाणी मोरीत सोडवत नाही. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नळाखाली रिकामी बादली लावली. आधी गार येतं ते विसण म्हणून बादलीत राहतं, त्यावर गरम येतं, आणि वेगळं विसण घ्यावं लागत नाही. गरम पाण्याचा नळ शक्य तितक्या जवळ आणि पाइप शक्य तितका अर्धा इंची ठेवला तर हे पाणी निम्म्यावर येतं. सोलरच्या टाकीतून वर गेलेली हवेची नळी मात्र कधी बंद करू नका, तिचं टोक गार पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असू द्या.

हे सगळं वहीत आलं की यंत्र निवडणं सोपं होतं. स्वतःची गच्ची असेल आणि तिच्यावर सावली पडत नसेल तर सोलर. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीचा ठराव लेखी घ्या. गच्चीच नसेल पण पाणी रोज भरपूर लागत असेल, लातूरच्या क्लासच्या पोरांची हॉस्टेलं असतात तशी, तर हीट पंप बघा. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे गिझरच्या साधारण एकतृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापतं. आपली हवा उबदार, त्यामुळे तो इथे चांगला चालतो. किंमत मोठी आहे, आवाज असतो आणि मोकळी हवा लागते. दोन माणसांच्या घराला मात्र स्टारवाला छोटा गिझर पुरे. स्टार मोजतात ते गरम पाणी नुसतं साठवून ठेवलं तर किती उष्णता झिरपते ते; अंघोळ झाली की बटण बंद करणाऱ्याला पाच स्टार आणि तीन स्टारमध्ये फार फरक पडत नाही. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा. गॅस गिझर बंद न्हाणीत कदापि नको, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. बादलीत टाकायचा रॉड वीज फारशी वाया घालवत नाही, पण शॉकने जीव घेतो. लेकरं असलेल्या घरात तो ठेवूच नका.

वायरिंगवाल्याला एकदा बोलवा. दोन किलोवॅटच्या गिझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चांगली तांब्याची वायर आणि वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. काळ्या रानात उन्हाळ्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. भांडी धुतलेलं चालतं. गावाकडे पहाटे व्होल्टेज १८० वर येत असेल तर गिझर साठ टक्के ताकदीनेच तापतो, पंधरा लिटरला वीस-बावीस मिनिटांऐवजी पस्तीस लागतात. गिझर बिघडलाय असं समजू नका.

पैशांच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला तिचं अनुदान मिळत नाही. कुणी तसं सांगून आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका. बिलावर टाकीची आणि नळ्यांची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या, आयएसआय खूण बघा, आणि जड पाण्याने बिघाड झाला तर वॉरंटी चालेल का हे छापील कागदावर वाचा. दोन जास्तीच्या नळ्या आणि रबराचे गॅस्केट तेव्हाच घेऊन घरात ठेवा. दिवाळीच्या गर्दीत कारागीर मिळत नाही, नळी तर नाहीच. काम पाऊस उघडल्यावर आणि दसऱ्याच्या आत व्हावं, म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटेआधी गळती वगैरे कळून दुरुस्त होते. दरवर्षी याच सुमाराला नळ्यांवरची धूळ धुवा, टाकीचा तळातला नळ सोडून गाळ काढा. फेब्रुवारी-मार्चात आभाळ गारपिटीचं दिसलं तर टाकायला एक जाड शेडनेट गच्चीवरच दोरीसकट बांधून ठेवा. २०१४ ची गारपीट विसरण्यासारखी नाही. उन्हाळ्यात गावाला जाताना तेच नेट नळ्यांवर पसरून जावं.

आणि जुना तांब्याचा बंब मोडीत घालू नका. त्याच्या पोटातून जाळ वर जातो, चहूबाजूंनी पाणी असतं, म्हणून उघड्या चुलीपेक्षा तो कमी सरपणात पाणी तापवतो. श्रावणात झड लागली की चार-चार दिवस सोलरला ऊन दिसत नाही आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. आमचा बंब न्हाणीच्या बाहेर, धूर घरात येणार नाही अशा आडोशाला आहे. तुराट्यांचा एक भारा आम्ही मृगाच्या आधीच आत घेऊन ठेवतो.