कॉलेज बास्केटबॉलवर वाद घालताना या चुका टाळा

संक्रांत झाली की इकडे अमेरिकेत, इंडियानात कॉन्फरन्सचे, म्हणजे आपापल्या गटातल्या कॉलेजांमधले सामने रंगात येतात आणि आमच्या मंडळींत दरवर्षीचा वाद नव्याने पेटतो: टीम एकाच माणसावर चाललीय का? मी पर्ड्यू विद्यापीठाच्या गावात, वेस्ट लाफायेटला राहतो. शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पंधरा-वीस मराठी टाळकी जमतात, साबुदाणा वड्यांचं ताट फिरतं आणि पहिल्या टाइमआउटच्या आत कुणीतरी म्हणतो, "स्कोअरिंगमध्ये बॅलन्सच नाही राव." त्या बॅलन्सचा अर्थ विचारला की दहा जण दहा गोष्टी सांगतात. त्याच त्या चुका ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पॉइंट्स बघणं, शॉट्स न बघणं

ही चूक क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाने तरी करू नये. कुणी ८० धावा केल्या म्हटलं की आपण लगेच विचारतो, "किती चेंडूंत?" मग बास्केटबॉलमध्ये वीस पॉइंट्स ऐकल्यावर तोच प्रश्न का पडत नाही? दहा शॉट्समध्ये वीस वेगळे आणि चोवीस शॉट्समध्ये वीस वेगळे. दुसऱ्याने टीमचे चेंडू खाल्लेत.

बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, उघडल्यावर मी पॉइंट्सचा रकाना हाताने झाकतो. आधी शॉट्स, मग फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट्स), मग टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेला बॉल) आणि शेवटी पॉइंट्स. तीस सेकंदांचं काम आहे, पण आमच्यातल्या नव्या पोरांना तेवढाही धीर नसतो. त्यांना फोनवर आयता आलेला आकडा हवा असतो आणि तो समोरच्याच्या तोंडावर फेकायचा असतो.

हरलो की सगळं खापर स्टारवर

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

मार्च २०२३. कॉलेजांची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा. पर्ड्यू अव्वल मानांकित. सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर फेअरली डिकिन्सन: सोळावं मानांकन, तेही आधी पात्रता सामना खेळून आलेली आणि उंचीने देशातली सगळ्यात बुटकी टीम. आम्ही हरलो, ६३-५८. अव्वल मानांकित टीम सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरीच वेळ. ईडीचे २१ पॉइंट्स आणि १५ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल. त्या रात्री मी जाहीर करून टाकलं, "हा आहे तोवर हे असंच होणार. सगळा खेळ याच्याभोवती फिरतो. याला अडवलं की आपण संपलो." वर्षभर जिथे जाईन तिथे हेच भाषण. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊनसुद्धा.

पुढच्या मोसमात काय झालं? ईडी गेला नाही. उलट त्याची सरासरी २२.३ वरून २५.२ वर गेली, म्हणजे माझ्या हिशेबाने रोग बळावला. आणि टीम थेट फायनलला पोचली.

फेअरली डिकिन्सनच्या सामन्याचा कागद मी पुन्हा बाहेर काढला. ईडीचे शॉट्स फक्त अकरा, त्यातले सात आत. त्या बुटक्या टीमने एक माणूस त्याच्या पुढे आणि एक मागे उभा करून बॉल त्याच्यापर्यंत पोचूच दिला नव्हता. मग बाकीचे मोकळे होते, आणि आमच्या टीमने थ्री, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंट्सचे शॉट्स, मारले २६, पडले पाच. घोळ तिथे होता आणि मी वर्षभर शिव्या देत होतो ईडीला. २०२४ ला तेच गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारे, वर्षभराने मोठे झाले होते, लान्स जोन्स दुसऱ्या कॉलेजातून आला होता आणि थ्रीची टक्केवारी चाळीसच्या वर गेली होती. आता ईडीवर दोघांना घालणं, म्हणजे डबल-टीम, प्रतिस्पर्ध्याला महाग पडायला लागलं.

माझ्यासाठी बॅलन्सचा अर्थ एवढाच: समोरच्या कोचने कुणाला मोकळं सोडायचं ठरवलं तर त्याला किती किंमत मोजावी लागते. पाच जणांना बारा-बारा पॉइंट्स वाटून देणं म्हणजे बॅलन्स नव्हे, ती पंगत झाली.

आता फायनल. ८ एप्रिल २०२४. फाल्गुन अमावस्या, दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि त्याच दुपारी इंडियानातून खग्रास सूर्यग्रहण गेलेलं. घरून आईचा फोन, "आज काही महत्त्वाचं करू नका." आम्ही रात्री नऊनंतर टीव्हीपुढे. समोर कनेटिकट, म्हणजे यूकॉन. त्यांच्या सुरुवातीला उतरणाऱ्या पाचही जणांची मोसमाची सरासरी दहाच्या वर. हाफटाइमला आम्ही सहाने मागे, पण ईडी बास्केटमागून बास्केट टाकत होता आणि त्यांचा सेंटर डोनोव्हन क्लिंगन बहुतेक वेळ एकटाच त्याच्याशी झुंजत होता. "डबल-टीमच करत नाहीयेत, वेडे आहेत का हे?" मी म्हणालो. "आता जिंकलोच."

माझ्या मांडीवर पाकीट होतं. गॅस कंपनीचं बिल येतं ते. त्याच्या पाठीवर मी टिपणं काढतो. त्यावर थ्रीचा रकाना जवळजवळ कोरा होता. मी बघितला नाही. ईडीचे शेवटी ३७ पॉइंट्स झाले, पंचवीस शॉट्समध्ये पंधरा बास्केट. बाकी सगळे मिळून २३. अख्ख्या सामन्यात आमच्या टीमने थ्री मारले फक्त सात आणि पडला एक. यूकॉन ७५, पर्ड्यू ६०. मदतीला कुणी पाठवायचंच नाही, शूटर्सना चिकटून राहायचं, ईडीला दोन-दोनने काय मिळवायचं ते मिळवू द्यायचं, हे त्यांनी ठरवून केलं होतं. ज्याला मी वेडेपणा म्हणत होतो तोच त्यांचा डाव होता.

त्या रात्री गाडीत बसेपर्यंत दोन्ही पक्ष खूश. एक म्हणे, "बघा, एकट्याने काय होतं?" दुसरा म्हणे, "बघा, त्याने सदतीस मारले, बाकीचेच नालायक." आणि बाकीच्यांना शॉटच मिळू दिले नव्हते, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

ज्याचे पॉइंट्स कमी, तो बिनकामाचा

२५ नोव्हेंबर २००८. पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला स्टेफ करी तेव्हा डेव्हिडसन कॉलेजात. त्याच मार्चमध्ये त्याने ती छोटी टीम कॅन्ससविरुद्ध शेवटच्या शॉटपर्यंत नेली होती. ५९-५७ ने हरले आणि तो शेवटचा शॉटही करीने स्वतः न मारता सहकाऱ्याला दिला होता. तर नोव्हेंबरच्या त्या सामन्यात लोयोला मेरिलँडच्या कोचने ठरवलं की करीला पॉइंट करू द्यायचाच नाही. पूर्ण सामनाभर दोन माणसं त्याच्या अंगाला चिकटलेली, बॉल कुठेही असो. करीने काय केलं? कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, त्या दोघांना सोबत घेऊन. उरलेल्या कोर्टवर चार विरुद्ध तीन. करीचे पॉइंट्स शून्य. डेव्हिडसन जिंकलं ७८-४८.

बॉक्स स्कोअरमध्ये त्याच्या नावापुढे भोपळा आहे. तेवढंच बघणारा माणूस म्हणेल, आज करी चालला नाही.

माझी सवय: हाफच्या पहिल्या चार मिनिटांत मी बॉलकडे बघतच नाही. बॉल डावीकडे असला की उजव्या कोपऱ्यात कोण उभा आहे आणि त्याचा बचाव करणारा किती पावलं आत सरकलाय, ते बघतो. तो चिकटून उभा असेल तर कोपऱ्यातला माणूस काहीतरी कमावतोय, बॉलला हात न लावता. पोरांना सांगितलं की हसतात. "काका, मॅच बघायची की ट्रॅफिक हवालदारी करायची?"

सरासरी सगळ्यांना एकाच मापाने मोजणं

व्हर्जिनिया २०१९ ला जिंकली ती देशातल्या सगळ्यात संथ टीमांपैकी एक होती. लोयोला मेरिमाउंटने १९८९-९० मध्ये सामन्याला सरासरी १२२.४ पॉइंट्स केले. एकाकडचे पंधरा आणि दुसऱ्याकडचे पंधरा सारखे कसे होतील? किती पझेशन, म्हणजे बॉल हातात असण्याच्या किती पाळ्या, मिळाली ते आधी काढा. शॉट्समधून स्वतः परत मिळवलेले रिबाउंड वजा करा, टर्नओव्हर मिळवा, आणि फ्री थ्रोंच्या साधारण निम्म्यापेक्षा किंचित कमी मिळवा. मी ०.४७५ ने गुणतो. दहावीच्या पोरालाही जमेल.

बेंचला गृहीत धरणं

२०२४ ची महिलांची फायनल. आयोवाच्या केटलिन क्लार्कने ३० मारले. साउथ कॅरोलायना जिंकली, ८७-७५. बेंचवरून, म्हणजे बदली म्हणून आलेल्यांचे पॉइंट्स: ३७ विरुद्ध ०. याहून जास्त बोलायची गरज वाटत नाही.

नोव्हेंबरच्या आकड्यांवर निकाल लावणं

मोसमाच्या सुरुवातीला दुबळ्या टीमांना घरी बोलावून झोडलेलं असतं. जानेवारीपर्यंत गप्प बसा.

फाउल विसरणं

इथे पाच फाउलवर माणूस बाहेर जातो, एनबीएत सहावर. खेळ चाळीस मिनिटांचा, अठ्ठेचाळीसचा नाही. पहिल्याच हाफमध्ये दोन फाउल झाले की बरेच कोच त्या खेळाडूला बसवूनच ठेवतात. "आज बाराच मारले" म्हणण्याआधी तो खेळला किती मिनिटं ते बघा. टीव्हीवर प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली घड्याळ गेल्यावर खेळ थांबला की जाहिराती लागतात. वडे घ्यायला सगळे तेव्हा उठतात. मी तेव्हा फाउल लिहितो.

सरासरीत पहिला, म्हणून शेवटचा बॉल त्यालाच

२०१८ मध्ये व्हिलानोव्हाच्या सहा जणांची सरासरी दहा किंवा जास्त होती. फायनलला देशातला सर्वोत्तम खेळाडू जेलन ब्रन्सनचे पॉइंट्स नऊ, आणि बेंचवरून आलेल्या डॉन्टे डिव्हिन्चेंझोचे ३१. ती मजा वेगळी. पण माझी आवडती फायनल त्याच कॉलेजची, २०१६ ची. नॉर्थ कॅरोलायनाने अशक्य वाटणाऱ्या थ्रीने बरोबरी केलेली, ७४-७४, घड्याळात ४.७ सेकंद. आर्चिडियाकोनो बॉल घेऊन पळत आला, मारेल असं वाटत असतानाच मागून येणाऱ्या ख्रिस जेन्किन्सला दिला, आणि जेन्किन्सने घड्याळ संपता संपता थ्री टाकला. ७७-७४. त्या मोसमात टीमचा सगळ्यात जास्त सरासरीचा खेळाडू होता जॉश हार्ट. शेवटच्या चालीत बॉल त्याच्या हाती आलाच नाही.

बेसमेंटमध्ये सगळे नाचत होते. वडे सांडले होते. आणि सोफ्याच्या टोकाला बसलेला आमचा एक मित्र कपाळाला आठ्या घालून विचारत होता, "पण हार्टला का नाही दिला?"