लेकीचा विमा? आधी स्वतःचा काढा

बारशाला पेढ्यांआधी एजंट काका हजर! 'बाळाच्या नावाने पॉलिसी घ्या.' मी म्हटलं, घर काय तिच्या पगारावर चालतं? विमा कमावत्याचा. म्हणून आधी माझा टर्म प्लॅन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मी गेलो तर घरच्यांना पैसे देणारा विमा, काढला. तुम्ही काढताना अर्जातच १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली हवा असं लिहा; नंतर जोडता येत नाही. मग विम्याचे पैसे बायको-मुलांचेच, तुम्हाला कर्ज देणाऱ्यांना हात लावता येत नाही.

लेकीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धीचं बचत खातं उघडलं: वय १० च्या आत, वर्षाला किमान २५० रुपये, १५ वर्षं भरायचे.

आणि काकांच्या भिडेखातर सही झालीच असेल, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडे पैसे कापतात, कापू देत.