कागदावरचे पाणी दाखवणारा व्हिडिओ: जलरंग शिकताना आलेला अनुभव

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र पोस्टर कलरमध्ये रंगवले आणि दहावीनंतर ब्रश ठेवून दिला, अशी माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. मी त्यांपैकीच एक. चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करत असताना वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा रंग हातात घेतले, ते जलरंग. संध्याकाळी सातनंतर शिकवणारे जवळपास कोणी नव्हते, त्यामुळे व्हिडिओ हाच माझा वर्ग झाला. गेल्या चार वर्षांत त्यातून मला जे मिळाले त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. परंतु पहिले जवळजवळ एक वर्ष चुकीच्या निवडीत गेले. आज सुरुवात करणाऱ्यांचे ते वर्ष वाचावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला मी पूर्ण झालेले चित्र पाहून व्हिडिओ निवडत असे. धुक्यातले डोंगर, पावसात भिजलेला रस्ता, नदीकाठची होडी असे काही आवडले की तो व्हिडिओ लावायचा. बहुतेक व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचे असत, मागे संगीत असे आणि चित्रकाराचा हात भराभर कागदावरून फिरत असे. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटायचे. प्रत्यक्ष रंगवायला बसलो की आकाशाच्या वॉशमध्ये, म्हणजे मोठ्या भागावर पसरलेल्या पातळ थरात, डाग पडायचे, डोंगराची कड एकीकडे पसरायची आणि दुसरीकडे कात्रीने कापल्यासारखी कडक व्हायची. माझा हात बसलेला नाही, असे मी समजत होतो. खरे कारण वेगळे होते, आणि ते कळायला फार दिवस लागले: दीड-दोन तासांचे काम बारा मिनिटांत बसवताना त्यातून ब्रश न चालवण्याचा वेळ कापला जातो, आणि जलरंगात चित्र घडते ते बरेचसे त्याच वेळात.

हे थोडे जवळून सांगायला हवे. कागदावर पाण्याचा वॉश दिला की प्रथम त्यावर पाणी आरशासारखे चमकते. या वेळी सोडलेला रंग वाटेल तसा पसरतो. थोड्या वेळाने पाणी कागदात मुरू लागते, चमक मंद होऊन रेशमी कापडासारखी दिसते. धुक्यातल्या झाडांच्या मऊ कडा मिळतात त्या याच वेळी, ब्रशवर पाणी कमी आणि रंग जास्त असेल तर. नंतर चमक पूर्ण जाते, कागद वाळल्यासारखा दिसतो, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. या अवस्थेत ओला ब्रश टेकवला की नवे पाणी आधीचा रंग ढकलत बाहेर जाते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उठतो. माझ्या आकाशातले सगळे डाग याच तिसऱ्या अवस्थेतले होते. व्हिडिओत हात उचलला जातो, दृश्य बदलते आणि पुढच्या क्षणी हात पुन्हा खाली येतो. मधे पाच मिनिटे गेली की वीस, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून तो लगेच रंग लावतो आणि फसतो.

तेव्हापासून मी एकच कसोटी मुख्य मानतो. व्हिडिओत कागदावरचे पाणी दिसते का? कॅमेरा कागदाच्या बरोबर वर असेल आणि प्रकाश चहूकडून सारखा येत असेल, तर चित्र स्वच्छ दिसते, पण पाण्याची चमक दिसत नाही. खिडकीचा प्रकाश एका बाजूने येत असेल किंवा कॅमेरा किंचित तिरका असेल, तर ओला भाग आणि सुकलेला भाग डोळ्यांना वेगळे दिसतात. असा व्हिडिओ दिसायला साधा असला, मधूनच चित्रकाराची सावली पडत असली, तरी तो शिकणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. त्याच्या जोडीला चित्रकाराने “आता थांबतो” असे म्हणून खरोखर थांबून दाखवले, किंवा किती वेळ थांबलो आणि कागद कसा दिसेपर्यंत थांबलो हे निदान सांगितले, तर तो व्हिडिओ मी जपून ठेवतो.

नवा व्हिडिओ उघडल्यावर तो सुरुवातीपासून पाहत बसण्याची गरज नसते. मी सरळ मध्यावर जातो आणि दोन-तीन मिनिटे पाहतो. पॅलेट चौकटीत आहे का, हे प्रथम पाहावे. चित्र दिसते पण रंग कुठे, किती पाण्यात आणि कशात मिसळला हे दिसत नसेल, तर निम्मे शिक्षण चौकटीबाहेर राहिले असे समजावे. मग चित्रकार काय बोलतो ते ऐकावे. “आता इथे थोडा निळा लावू” एवढेच सांगणारा आपल्याला हाताची हालचाल दाखवतो. “मागचा डोंगर पुढे येतोय, म्हणून त्यात थोडा निळा घालून त्याला मागे ढकलतो” असे म्हणणारा निर्णय शिकवतो. दुसऱ्या चित्रात, दुसऱ्या डोंगरासमोर, आपल्या उपयोगी पडतो तो निर्णय. शेवटी, चूक झाली तर ती कापून टाकली आहे की ठेवली आहे, हेही पाहावे. ओघळलेला रंग टिशू पेपरने टिपून घेताना किंवा बिघडलेली कड ओल्या ब्रशने मऊ करताना चित्रकाराला पाहिले, त्या दिवशी मी जे शिकलो ते दहा निर्दोष चित्रांतून शिकलो नसतो.

पाण्याचे प्रमाण कसे समजावले आहे, याकडे माझे विशेष लक्ष असते. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले जलरंगचित्रकार जोसेफ झ्बुक्विक हे रंगाच्या दाटपणाला चहा, कॉफी, दूध, साय आणि लोणी अशी नावे देतात, आणि कागद किती ओला आहे याच्याशी त्यांची सांगड घालतात. आपल्या स्वयंपाकघरात ही समज आधीपासूनच असते. कोऱ्या चहासारखा पातळ रंग आकाशाला, दुधासारखा डोंगराला, सायीसारखा जवळच्या झाडाला, आणि लोण्यासारखा घट्ट रंग अगदी शेवटच्या गडद ठिपक्यांना, एवढे लक्षात ठेवून मी पॅलेटकडे पाहू लागलो आणि तेच जुने व्हिडिओ मला नव्याने कळू लागले. ओल्या कागदावर रंग टाकताना तो कागदावरच्या पाण्यापेक्षा दाट असला पाहिजे. पातळ टाकला की डाग ठरलेला. ज्या व्हिडिओत ही गोष्ट कोणत्या ना कोणत्या शब्दांत येत नाही, तो नवशिक्याने तूर्त बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

माध्यम तपासून पाहणे ही अगदी साधी गोष्ट वाटते, पण मी स्वतः इथे चुकलो आणि अनेक जण चुकतात. अमेरिकन चित्रकार बॉब रॉस यांची १९८३ ते १९९४ या काळात दूरचित्रवाणीवर दाखवली गेलेली मालिका आज जगभर पाहिली जाते. अर्ध्या तासात पूर्ण निसर्गचित्र उभे राहते आणि त्यांचा धीर देणारा आवाज ऐकून कोणालाही ब्रश उचलावासा वाटतो. परंतु ते तैलरंग आहेत. कॅनव्हासवर आधी पांढऱ्या रंगाचा पातळ ओला थर देऊन त्यावर, न सुकवता, पुढचे रंग चढवण्याची ती पद्धत आहे. तिथे गडदावर पांढरा चढवून बर्फ दाखवता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो पहिल्या मिनिटापासून राखावा लागतो. शिवाय रॉस प्रत्येक भागासाठी एक चित्र आधीच करून ठेवत आणि चित्रीकरणाच्या वेळी ते त्यांच्या नजरेसमोर असे. त्यांची सहजता खरी होती, पण ती तयारीतून आलेली होती. जलरंग घेऊन बसलेल्या माणसाने त्यांच्याकडून उत्साह जरूर घ्यावा, क्रम घेऊ नये.

साहित्याच्या बाबतीत व्हिडिओ पाहून खर्च वाढतो, आणि गंमत अशी की जिथे करायला हवा तिथे तो होत नाही. मी सुरुवातीला महागडे ब्रश घेतले आणि रंगवत राहिलो कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे साध्या ड्रॉइंगच्या कागदावर. व्हिडिओतला चित्रकार ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड सुती कागदावर काम करत होता. तो कागद पाणी धरून ठेवतो, सावकाश सोडतो आणि त्यावरून रंग पुन्हा उचलता येतो. पातळ कार्ट्रिज पेपर पाण्याने फुगतो, खळग्यांत पाणी साचते आणि मऊ कडा मिळतच नाहीत. त्यामुळे चित्रकार कोणता कागद वापरतो हे सांगणारा व्हिडिओ निवडावा आणि पैसे थोडे असतील तर ते कागदावर घालावेत. २२ × ३० इंचांच्या पूर्ण कागदाचे आठ तुकडे केले तर प्रत्येक तुकडा ७.५ × ११ इंचांचा होतो आणि सरावाला तेवढा पुरेसा असतो. ब्रश एक मोठा गोल, टोक नीट जुळणारा, एवढ्यावर माझे पहिले दीड वर्ष गेले.

रंगांच्या नावांवरही विसंबू नये. एकाच नावाखाली दोन कंपन्यांचे रंग वेगळे निघतात. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो पाहण्याची सवय लावावी: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, जो कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसतो, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, जो कागदाला असा धरतो की नंतर उचलता येत नाही. आकाशात ढग टिपून काढणारा चित्रकार पहिला रंग वापरत असेल आणि आपल्याकडे दुसरा असेल, तर ढग निघणार नाहीत, मग कितीही सराव केला तरी. क्रमांक सांगणारे शिक्षक थोडे आहेत. ते सापडले की सोडू नयेत.

हवामानाचा मुद्दा मला कोणत्याच व्हिडिओत ऐकायला मिळाला नाही, तो आमच्या कोकणानेच शिकवला. जुलै महिन्यात चिपळूणला दिलेला वॉश तासाभरानेही गार लागतो. तोच कागद मी एप्रिलमध्ये नागपूरला बहिणीकडे नेला, तेव्हा आकाश अर्धे होईपर्यंत वरची कड सुकून तिथे रेघ उमटली. म्हणून “दहा मिनिटे थांबा” हे वाक्य थंड, ओलसर देशातल्या चित्रकाराने म्हटले असेल तर ते घड्याळाप्रमाणे पाळू नये. त्याचा कागद त्या क्षणी कसा चमकतो आहे ते पाहावे आणि आपला तसा होईपर्यंत वाट पाहावी. पावसाळ्यात मी कागद लावलेली फळी थोडी जास्त कलती ठेवतो आणि गरज पडली तर केस वाळवण्याचा ड्रायर दुरून धरतो. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर चिकटवतो, म्हणजे ओल टिकते.

उजेडाचेही असेच आहे. युरोपातल्या व्हिडिओंत सावल्या मऊ आणि करड्या असतात, आपल्याकडे दुपारी बाराला अंगणात पडणारी सावली गडद आणि कडक कडेची असते. म्हणून आपल्या मातीत रंगवणाऱ्यांचे व्हिडिओ शोधावेत. पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगातली निसर्गचित्रे आणि प्रात्यक्षिके पाहताना मला प्रथमच लाल माती, कौलारू छपरे आणि आपल्या आंब्याचा काळपट हिरवा या गोष्टी ओळखीच्या वाटल्या. जमेल तेव्हा प्रत्यक्ष प्रात्यक्षिकालाही जावे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून उभी आहे, आणि तिच्यासारख्या संस्थांमुळे आपल्याकडे लोकांसमोर बसून चित्र रंगवण्याची परंपरा चांगली रुजली आहे. अशा ठिकाणी व्हिडिओसारखे मागे नेऊन पाहता येत नाही, पण मधला थांबण्याचा वेळ कोणी कापू शकत नाही.

पैसे भरून घ्यायच्या अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात सांगतो. एका अभ्यासक्रमाची साहित्ययादी मला पैसे भरल्यावर मिळाली आणि ती शुल्काच्या दुप्पट किमतीची निघाली. तेव्हापासून एक नमुना धडा पूर्ण पाहिल्याशिवाय, यादी हातात आल्याशिवाय आणि आपले चित्र पाहून कोणी दुरुस्ती सांगणार आहे का हे विचारल्याशिवाय मी पैसे भरत नाही. दुरुस्ती मिळणार नसेल, तर विनामूल्य व्हिडिओंतही तेवढेच मिळते.

निवडल्यानंतर पाहायचे कसे, हे निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. मी एक व्हिडिओ महिनाभर धरतो. पहिल्यांदा हातात काहीही न घेता तो पूर्ण पाहतो. दुसऱ्यांदा वही घेऊन बसतो आणि चित्रकार कुठे थांबला, थांबताना कागद कसा होता, एवढेच टिपतो. मग एकेक भाग वेगळा करतो: एका संध्याकाळी आठव्या हिश्शाच्या कागदावर फक्त आकाश, चार वेळा, दुसऱ्या संध्याकाळी फक्त दूरची झाडे. सुकल्यावर जलरंग फिकट होतो, म्हणून हे तुकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो आणि त्यांच्या मागे तारीख, कागद आणि हवा लिहितो. अखेरीस व्हिडिओतले चित्र बाजूला ठेवून तीच पद्धत आपल्या विषयावर वापरतो. व्हिडिओवरून केलेली नक्कल सरावाची असते, ती स्वतःचे चित्र म्हणून प्रदर्शनात लावू नये. ज्याने शिकवले त्याचे नाव सांगावे.

सध्या माझ्याकडे असलेला व्हिडिओ एक तास चाळीस मिनिटांचा आहे, समुद्रावरच्या सकाळचा. त्यातले क्षितिज मी अकरा वेळा केले. गेल्या रविवारी गोवळकोटला वाशिष्ठी नदीच्या काठी फळी घेऊन बसलो, पाण्याचा वॉश दिला, चमक रेशमी होईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबलो आणि मग सायीएवढ्या दाट रंगाने पलीकडच्या खारफुटीची रेघ ओढली. ती वरच्या बाजूला मऊ झाली आणि खाली, जिथे कागद आधीच सुकला होता, तिथे कडक राहिली. पुढच्या रविवारी खालचा भाग थोडा जास्त भिजवून पाहणार आहे.