इंग्लंडला क्लब क्रिकेट खेळायला निघालात? आधी ‘हौशी’ कोण ते बघा

‘तिकीट कोणी काढलं?’
‘क्लबने.’
‘राहणार कुठे?’
‘क्लबच्याच खोलीत. भाडं नाही घेणार ते.’
‘गेल्या दोन वर्षांत राज्याच्या संघाकडून खेळलास?’
‘हो, अंडर-२३. दोन मॅच.’

हे शेवटचं उत्तर मी छाती फुगवून दिलं होतं. मँचेस्टर विमानतळावर इमिग्रेशनच्या छोट्या खोलीत हे प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि माझी किटबॅग मागवली. बॅगेत तीन बॅटी निघाल्या. मी डावखुरा फिरकीपटू, येतो दहाव्या नंबरवर, पण गल्लीतल्या मंडळींनी निरोपाला दिलेल्या बॅटी घरी कशा ठेवणार? दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मी आणि त्या तीन बॅटी परत.

सीझन, लीग, खोली, खिशातले पौंड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत शनिवारी मॅच, थंडीत चेंडू बोटांना कळतसुद्धा नाही, वगैरे. मला बोलायचंय ते ‘हौशी’ या एका शब्दाबद्दल. क्लबच्या पत्रात तो होता, मी काढलेल्या व्हिजिटर व्हिसाच्या, म्हणजे पाहुणा म्हणून जायच्या व्हिसाच्या, फॉर्मवर तो होता आणि मी तो मराठीत वाचला होता. पैसे घेत नाही तो हौशी, असं आपण समजतो. ब्रिटनचे इमिग्रेशन नियम तसं समजत नाहीत.

तिथे व्यावसायिक खेळाडूची व्याख्या सुरुवातीलाच सांगते की पैसे मिळोत वा न मिळोत. पुढे बरीच कलमं आहेत आणि त्यातलं एक जरी लागू पडलं तरी तुम्ही व्यावसायिक. गेल्या दोन वर्षांत देशाच्या, राज्याच्या किंवा विभागाच्या संघाकडून खेळलात, अंडर-१७ पासून वरचा कुठलाही गट धरून: व्यावसायिक. गेल्या चार वर्षांत एखाद्या व्यावसायिक किंवा अर्धव्यावसायिक संघाकडे, त्यांच्या अकादमीत का होईना, नाव नोंदवलेलं होतं: व्यावसायिक. प्रवासाचा आणि राहण्याचा सगळा किंवा बहुतेक खर्च दुसऱ्याने उचलला, रोख हातात न देता तिकीट काढून दिलं, खोली दिली तरी: व्यावसायिक. गेल्या बारा महिन्यांत खेळायची संधी शोधायला एजंट धरला: व्यावसायिक. म्हणजे ज्या एजंटने मला ‘तू हौशी म्हणून जा’ असं सांगितलं, त्याला धरल्यामुळेच मी हौशी राहिलो नव्हतो. हे मला परतीच्या विमानात, दोहाच्या आसपास उमगलं. हसूही येईना.

आणि हौशी कोण? जो निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी खेळतो, त्यातून पोट भरण्याचा ज्याचा विचार नाही तो. आता खरं सांगा, आपल्यापैकी कोण यात बसतं? आठव्या वर्षापासून वडिलांनी पहाटे स्कूटरवरून नेटला सोडलं ते काय आनंदासाठी?

व्हिजिटर व्हिसावर खेळताच येत नाही असं नाही. एखाद्या स्पर्धेत भाग घेता येतो, ट्रायल देता येते (तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर नाही), आणि खरोखर हौशी असाल तर हौशी क्लबात अनुभवासाठी खेळताही येतं. म्हणूनच हा सापळा आहे. नियमात दार आहे, पण ते आपल्यासाठी नाही.

आपलं दार म्हणजे इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळाडूंसाठीच्या जुन्या टियर २ आणि टियर ५ व्हिसांच्या जागी हा आला. त्याला दोन कागद लागतात. एक, खेळाच्या नियामक संस्थेचं, म्हणजे क्रिकेटसाठी ईसीबीचं (इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड), एन्डॉर्समेंट, म्हणजे लेखी पाठिंबा. दुसरा, क्लबने दिलेलं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट, ज्याला सगळे सीओएस म्हणतात. क्लबकडे स्पॉन्सरचं लायसन्स नसेल तर सीओएस निघतच नाही. लायसन्स असलेल्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. क्लबचं नाव टाका, दोन मिनिटांत कळतं. मी ती दोन मिनिटं घालवली नाहीत, कारण ‘सर’, म्हणजे माझा तो एजंट, म्हणाले होते, काळजी करू नको.

सरांबद्दल माझं मत आता पक्कं आहे. जो माणूस सगळं फोनवर सांगतो आणि मेलवर एक ओळ लिहीत नाही, त्याचं ऐकू नका. ‘आम्ही तर असेच गेलो होतो’ म्हणणाऱ्या सीनियरचंही ऐकू नका. ते गेले तेव्हा नियम वेगळे होते. भारताचे विनू मांकड १९५२ मध्ये हॅस्लिंग्डन या इंग्लिश क्लबाचे लीगमधले प्रो, म्हणजे पगारी खेळाडू, होते, तिथून सुटून लॉर्ड्सला कसोटीसाठी आले आणि ७२ व १८४ धावा काढून गेले. तो काळ गेला. त्यापेक्षा मागच्याच उन्हाळ्यात जाऊन आलेला एखादा राखीव विकेटकीपर गाठा. नाव नसेल त्याला, पण कागद ताजे असतील.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून बरोबर झाली. एजंट म्हणत होता, फॉर्मवर ‘मावशीकडे फिरायला’ लिही. माझी मावशी इचलकरंजीत असते. मी क्रिकेटच लिहिलं आणि खोलीतही जे होतं तेच सांगितलं. म्हणून मला फक्त प्रवेश नाकारला गेला. अर्जात फसवणूक सिद्ध झाली असती तर दहा वर्षांची बंदी होती, म्हणजे करिअरच खलास.

नकार मिळाला म्हणजे सगळं संपलं, असं समजू नका. मी दोन महिने घराबाहेर पडलो नव्हतो, म्हणून सांगतोय. पुढच्या प्रत्येक अर्जात ‘कधी नकार मिळाला का’ हा प्रश्न येतो, तिथे हो लिहायचं, काय झालं ते चार ओळींत मांडायचं. नंतर माझे सीनियर संघाकडून सामने झाले, ईसीबीच्या निकषात बसलो, लायसन्स असलेला क्लब मिळाला आणि रीतसर गेलो. निकष मात्र त्या-त्या सीझनचे वाचा, मागच्या वर्षीची पीडीएफ नको.

बाकीचं पटकन. बीसीसीआयची एनओसी राज्य संघटनेमार्फत मागा, आणि लवकर मागा. खात्यात १,२७० पौंडांइतके पैसे सलग २८ दिवस दिसले पाहिजेत, नाहीतर क्लबने सीओएसवर तुमच्या खर्चाची हमी घ्यायला हवी. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज. सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर टीबीची तपासणी आणि हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी), त्याच्या आत असाल तर दोन्ही नाही. सीझन सहा महिन्यांच्या आत बसतो, तेवढं गणित जमवा.

कोच मंडळींनो, तुमचं अवघड आहे. व्यावसायिक खेळाडूच्या त्याच व्याख्येत ‘कुठल्याही पातळीवर’ कोचिंग करणाराही येतो. मंगळवारी संध्याकाळी क्लबच्या पोरांना फुकट थ्रोडाऊन देणं, म्हणजे सरावाला हाताने चेंडू टाकणंसुद्धा, व्हिजिटर व्हिसावर अंगाशी येऊ शकतं. आणि खेळाडू म्हणून रीतसर गेलात तरी दुसऱ्याच आठवड्यात चेअरमन बार काउंटरवर खांद्यावर हात ठेवून म्हणेल, जरा ज्युनियर्सना बघशील का? तेव्हा ‘हो’ म्हणण्याआधी सीओएसवर कामाचं वर्णन काढून त्याला दाखवा. त्यात कोचिंग लिहिलेलं नसेल तर लेमोनेड संपवा आणि घरी जा.